गडद मोरपंखी भिंत: सांगलीच्या हवेत रंग टिकवायचा तर काय काय करावं

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या सोप्याची, म्हणजे पुढच्या खोलीची, भिंत आम्ही दोनदा मोरपंखी रंगवली. पहिल्यांदा डिसेंबर २०१९ मध्ये, महापूर ओसरून जेमतेम चार महिने झाले होते तेव्हा. पुढच्या जुलैत भिंतीच्या खालच्या भागात मिठासारखी पांढरी पूड फुटली आणि गणपती येईपर्यंत तळहाताएवढे पोपडे सुटले. फिकट रंग असता तर निदान लांबून कळलं नसतं. गडद हिरव्या-निळ्यावर तो पांढरा लोणा दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा दिसायचा. दुसऱ्यांदा रंगवली जानेवारी २०२३ मध्ये. ती भिंत आजही तशीच आहे, आणि संध्याकाळी दिवा लागला की मी अजून क्षणभर थांबून तिच्याकडे बघते.

दोन्ही वेळा रंग तोच, शेडचा नंबरही तोच. बदललं ते रंगाच्या आधीचं आणि नंतरचं काम. ते नवीन माणसाला कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. भाड्याच्या फ्लॅटपासून जुन्या वाड्यापर्यंत कुठेही उपयोगी पडेल. पण नदीकाठच्या, तळमजल्याच्या घरांनी दुसरी पायरी अजिबात सोडू नये.

१. आधी भिंत ठरवा, मग शेड

बहुतेक जण उलट करतात. कुठेतरी फोटो बघतात, शेड आवडते आणि मग घरात तिला जागा शोधतात.

खोलीच्या दारात उभं राहून बघा, नजर पहिल्यांदा कुठल्या भिंतीवर पडते. मोरपंखी त्या भिंतीला द्या. खिडकी असलेली भिंत शक्यतो टाळा. उजेड त्या भिंतीतूनच आत येतो, त्यामुळे आपल्याला ती सावलीतच दिसते. गडद रंगात ती काळीच वाटते, रंग कळतच नाही. खिडकीच्या समोरची किंवा बाजूची भिंत उत्तम. टीव्हीमागची भिंतही चांगली, कारण बंद टीव्हीचा काळा चौकोन पांढऱ्या भिंतीवर जसा डोळ्यात भरतो तसा इथे भरत नाही.

स्वयंपाकघरात माझा सल्ला नाही असाच आहे. फोडणीचं तेल उडतं, त्याचे चकचकीत ठिपके गडद मॅट रंगावर उठून दिसतात आणि पुसले की डाग आणखी पसरतो. देवघराच्या कोनाड्याला मात्र हा रंग फार शोभतो. निरांजनाची काजळी त्यावर चटकन दिसत नाही आणि पितळेच्या मूर्ती उजळतात. जुन्या घरात कोनाडे असतील आणि पूर्ण भिंतीची हिंमत होत नसेल तर फक्त कोनाड्यांच्या आतली बाजू मोरपंखी करा, बाकी भिंत चुन्यासारखी पांढरी ठेवा. खर्च थोडा, आणि नाही आवडलं तर अर्ध्या दिवसात परत पांढरं करता येतं.

खोली लहान आहे म्हणून घाबरू नका. सासूबाईंची पहिली हरकत हीच होती, "घर अंधारकोठडी दिसेल." लहान खोलीत गडद भिंत मागे सरल्यासारखी वाटते, कोपरे विरघळतात. खोली अंधारी होते ती दिवे चुकल्यामुळे. त्याबद्दल आठव्या पायरीत.

२. ओल तपासा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

आमची चूक इथे झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या सोप्यात कमरेएवढं पाणी आठवडाभर होतं. नोव्हेंबरात भिंत हाताला कोरडी लागायला लागली, आणि तेव्हा ज्यांना काम दिलं त्यांनी "आता काही होत नाही" म्हणून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला घेतली. आम्हालाही दिवाळी गेली तरी घर तसंच आहे याचं वाईट वाटत होतं, त्यामुळे आम्ही हो म्हटलं.

भिंतीचा वरचा थर लवकर सुकतो, पोट सुकत नाही. बांधकामातल्या माणसांचा ठोकताळा असा की वीटकाम साधारण महिन्याला एक इंच या वेगाने वाळतं, तेही हवा खेळती असेल तर. नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने धरा. आमची तर जुन्या पद्धतीची जाड भिंत आहे. आतलं पाणी बाहेर येताना विटेतले, मातीतले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर स्फटिक होऊन राहतात. तोच लोणा. रंगाचा थर मध्ये आला तर स्फटिक त्याच्या मागे वाढतात आणि त्याला ढकलून पाडतात. रंग भारी कंपनीचा होता की हलका, याचा इथे काहीच संबंध नाही.

घरच्या घरी परीक्षा अशी करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट चौकोन कापा. तो भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा आणि चारी कडा टेपने घट्ट बंद करा. दोन दिवस हात लावू नका.

- भिंतीकडच्या बाजूला थेंब किंवा धुकं धरलं तर ओल भिंतीच्या पोटातून येते आहे. रंग लावू नका.
- खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर भिंत ठीक आहे, खोलीतली हवा दमट आहे. खिडक्या उघडा, पंखा लावा.
- दोन्हीकडून कोरडं असेल तर तीन-चार फूट उंचीवर आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर हीच परीक्षा पुन्हा करा.

ही परीक्षा पावसाळा संपल्यावर लगेच करा, एप्रिलमध्ये नको. एप्रिलमध्ये सांगलीत कुठलीही भिंत कोरडीच लागते.

लोणा आधीच आलेला असेल तर तो कोरड्या ताठ ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका. क्षार पाण्यात विरघळतात, परत भिंतीत शिरतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वर येतात. काळी-हिरवी बुरशी असेल तर ती गोष्ट वेगळी. त्यासाठी एक भाग ब्लीचचं द्रावण आणि तीन भाग पाणी असं मिश्रण लावा, पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थरच नसतो, त्यामुळे पूर नसला तरी जमिनीतलं पाणी साधारण तीन फुटांपर्यंत भिंतीत चढतं. यावर ठरलेला उपाय सांगितला जातो तो म्हणजे आतून वॉटरप्रूफ केमिकलचा थर. मी तो एका नातेवाइकांच्या घरी बघितला आहे. पाणी थांबलं नाही, त्या थराच्या वर, चार फुटांवर जाऊन फुटलं. पाणी अडवायचं ते बाहेरून आणि खालून: पन्हाळी दुरुस्त करा, भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवा, गळका पाइप बदला.

एवढं करूनही खालचे तीन फूट दमट राहत असतील तर आम्ही केलं ते करून बघा. दुसऱ्या वेळी आम्ही खालच्या तीन फुटांतला सिमेंटचा गिलावा काढला आणि वीट उघडी ठेवली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पायरीपर्यंत आलं, म्हणून आणखी एक वर्ष थांबलो. मग तेवढ्या भागात चुन्याचा गिलावा करून वर साधा चुना दिला. चुन्यातून भिंतीचा दमटपणा बाहेर पडू शकतो, आणि थोडासा लोणा आलाच तर पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, आम्ही तो भाग झाडून पुन्हा चुना देतो. त्याच्यावर सागवानाची दोन इंची पट्टी आणि पट्टीच्या वर मोरपंखी. गरजेपोटी काढलेली ही वाट आता घरातली सगळ्यात देखणी गोष्ट झाली आहे.

नवीन बांधकाम असेल तर गिलाव्यावर पाणी मारणं संपल्यानंतर निदान २८ दिवस भिंत सुकू द्या. ताज्या सिमेंटचा क्षारीपणा गडद रंगावर पांढुरके पट्टे उमटवतो.

३. शेड भिंतीवर बघून ठरवा

इंग्रजीत या रंगाला टील म्हणतात, ते एका छोट्या बदकाच्या डोळ्यामागच्या पट्ट्यावरून. आपल्याकडे साडीच्या दुकानात मोरपंखी म्हटलं की दुकानदार बरोबर घडी काढतो. पण रंगाच्या दुकानात नुसतं मोरपंखी म्हणून चालत नाही. त्यात तीन घराणी आहेत: निळ्याकडे झुकणारा, बाटली-हिरव्याकडे झुकणारा आणि राखाडी मिसळलेला. पहिले दोन कार्डावर सुंदर दिसतात. शंभर चौरस फुटांवर निळसर प्रकार भडक होतो आणि हिरवा एखाद्या सरकारी कचेरीच्या जुन्या दरवाजाची आठवण देतो. राखाडी मिसळलेला कार्डावर मरगळलेला दिसतो, भिंतीवर मात्र तोच खोल आणि शांत वाटतो. मी तोच घ्या म्हणेन.

काही शेड कार्डांवर किंवा कंपन्यांच्या साइटवर प्रत्येक शेडपुढे एक आकडा असतो, एलआरव्ही नावाचा. भिंतीवर पडलेल्या उजेडातला शेकडा किती परत फिरतो ते तो सांगतो. पांढऱ्याचा ८० च्या पुढे असतो. गडद मोरपंखी साधारण ५ ते १२ च्या मध्ये. ५-६ वाला रंग रात्री काळाच दिसतो. घरात दिवसाचा उजेड कमी असेल तर १० च्या आसपासचा घ्या.

नमुन्याचा छोटा डबा मिळतो. तो थेट भिंतीवर लावू नका, खालच्या रंगाचा परिणाम होतो. जाड पांढरा कार्डबोर्ड घ्या, दोन फूट बाय दोन फूट, आणि त्यावर कडेपर्यंत रंगाचे दोन हात, म्हणजे दोन थर, मारा. कड पांढरी ठेवली तर रंग आहे त्याहून गडद भासतो. ओला असताना रंग फिका दिसतो, वाळला की गडद होतो, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. मग तो पुठ्ठा ठरलेल्या भिंतीला टेकवून सकाळी आठला, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. उत्तरेच्या उजेडात हा रंग निळा होतो, पश्चिमेच्या उन्हात हिरवा. आमच्या सोप्याला फक्त रस्त्याच्या बाजूने उजेड आहे, तिथे निळसर शेड इतकी थंड दिसली की आम्ही ती लगेच रद्द केली.

आणखी एक माहिती, कारण पुढे बिल घेताना ती लागते. या रंगाचा जीव असतो थॅलो नावाच्या रंगद्रव्यांत. थॅलो निळा १९३५ मध्ये बाजारात आला, थॅलो हिरवा १९३८ मध्ये. ही द्रव्यं उन्हाने सहसा विटत नाहीत आणि फार जोरदार असतात. मशीनमधून थोडे थेंब कमी-जास्त पडले तरी शेड हलते. म्हणून एका भिंतीचा रंग एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्यायचा.

४. दुकानात जाताना काय न्यायचं, काय विचारायचं

गणपती पेठेत जा, नाहीतर विश्रामबागेत किंवा मिरजेत. दुकान कुठलंही चालेल, पण रंग मिसळायचं मशीन असलेलं हवं. सोबत घ्या:

- भिंतीची लांबी-उंची लिहिलेला कागद, दारं-खिडक्या वजा करून
- शेडचा कोड, फक्त नाव नाही
- तुम्ही रंगवलेला पुठ्ठा
- फरशीचा तुकडा किंवा निदान दिवसाच्या उजेडातला फोटो, आणि पडद्याच्या कापडाची चिंधी
- भाड्याचं घर असेल तर मालकांची लेखी परवानगी. साधा मेसेज असला तरी जपून ठेवा, नाहीतर जाताना अनामत रकमेवरून वाद होतो
- फ्लॅट असेल तर कामाच्या वेळांबद्दल सोसायटीला दिलेल्या अर्जाची प्रत

हिशोब असा करा. १२ फूट लांब, १० फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ चं दार वजा केलं की राहिले ९९, म्हणजे शंभर धरा. लांबी भरलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन, म्हणजे पाण्यातला भिंतीचा रंग, लिटरमागे दोन हातांत साधारण १२० ते १४० चौरस फूट जातं; डब्यावर आकडा असतो, तो बघा. गडद रंगाला तिसरा हात लागतोच, म्हणून दीडपट धरा. शंभर फुटांना सव्वा लिटर होतं. मशीनवर रंगद्रव्य ज्यात मिसळतात त्या मूळ रंगाचे, म्हणजे बेसचे, लहान डबे बऱ्याचदा ९०० मिलीचे असतात, म्हणजे दोन घ्या. उरेल तो रंग पुढे कामी येतो.

तिसरा हात का? फिकट रंगाच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा झाकणारा पदार्थ भरपूर असतो. त्यात कितीही रंग घातला तरी गडद मोरपंखी होत नाही, म्हणून गडद शेडसाठी वेगळा बेस असतो आणि त्यात हा पदार्थ अगदी कमी किंवा नसतोच. परिणामी रंग खोल होतो पण खालचं झाकत नाही. "तुमची शेड कुठल्या बेसमध्ये बसते?" हे दुकानदाराला विचारा आणि बेसचं नाव, शेड कोड, तारीख बिलावर लिहून घ्या.

चमक किती घ्यावी हा प्रश्नही इथेच येतो. भिंत जुनी, उंचसखल असेल तर मॅट, पण धुता येईल असं लिहिलेलं. भिंत खरोखर सपाट असेल तरच मंद चमकेचं. भरपूर चकाकीचं गडद भिंतीला कधीच नको, लांबी भरायच्या पत्र्याचा प्रत्येक फटकारा दिसतो.

पेंटरशी मजुरी ठरवतानाच "गडद शेड आहे, तीन हात" हे बोलून घ्या. चौरस फुटाचा दर सहसा दोन हातांचा सांगितलेला असतो, आणि तिसऱ्या हाताच्या वेळी भांडण होतं. दर मटेरियलसकट आहे की नुसत्या मजुरीचा, भिंत घासणं आणि फर्निचर झाकणं त्यात आहे की नाही, हेही विचारा.

५. भिंत तयार करणं

पोपडे खरवडून काढा. हाताने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो तेवढा गिलावा काढून नवा भरा. मग लांबी, दोन हात. दमटपणाचा थोडाही संशय असेल तिथे सिमेंटची लांबी घ्या, ॲक्रिलिकची नको.

जुन्या घरांसाठी एक इशारा. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः दारं-खिडक्यांच्या हिरव्या-पिवळ्या थरांत, शिसं असण्याची शक्यता बरीच असते. ते कोरडं घासू नका. पाणी मारून ओलं घासा, मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरून पूड गोळा करा, आणि लहान मुलं व गरोदर बाई त्या दिवशी घरात नसतील असं बघा.

लांबी वाळली की १८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि मग ३२० ने घासा. आता दिव्याची परीक्षा. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करा आणि हातातला एक दिवा भिंतीला अगदी लागून, तिरपा धरून वरून खाली फिरवा. मोबाइलचा टॉर्चही चालतो. प्रत्येक खड्डा आणि पत्र्याची प्रत्येक रेघ सावलीसकट दिसते. पेन्सिलीने गोल करा आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच भरून घ्या. पेन नको, त्याची शाई वर फुटते. आमच्या पेंटर अण्णांनी सुरुवातीला हे बघून म्हटलं होतं, "वहिनी, एवढं कोण बघतंय भिंतीला नाक लावून?" नंतर तेच दिवा धरून बसले आणि रात्री साडेआठपर्यंत गोल करत राहिले. पांढऱ्या भिंतीत खपून जातं ते या रंगात खपत नाही, हे त्यांना माझ्याआधी पटलं.

घासल्यावर पूड ओल्या फडक्याने पुसा. नुसती झाडून भागत नाही.

६. प्रायमर राखाडी करून घ्या

प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा थर. पांढऱ्या प्रायमरवर गडद मोरपंखी तीन हातांतही कधी कधी पांढुरका चमकतो. दुकानात सांगून पाण्याच्या प्रायमरमध्ये काळं स्टेनर, म्हणजे रंग मिसळायचं दाट द्रव्य, घालून मध्यम राखाडी करून घ्या. एक हात पुरतो. पुढचा दिवस वाळू द्या.

७. रंगाचे हात

हंगाम आधी. पावसाळ्यात रंगवू नका. दसरा-दिवाळीच्या मध्ये पेंटर मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात. एप्रिल-मेच्या उन्हात रंग रोलरखालीच वाळतो आणि जोड दिसतात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे सगळ्यात चांगला काळ.

दोन्ही डबे एका स्वच्छ बादलीत ओता आणि नीट ढवळा. एक डबा संपवून दुसरा उघडला तर भिंतीच्या मध्यावर शेड बदललेली दिसू शकते. पाणी डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, मापून घाला. जास्त पाण्याने रंग पुरवण्याची सवय या शेडला परवडत नाही.

आधी कोपरे आणि कडा ब्रशने, लगेच मागून रोलर. कडेचा रंग ओला असतानाच रोलर त्यावर गेला पाहिजे, नाहीतर चौकटीसारखी गडद पट्टी कायमची राहते. म्हणून कडा एकाने आणि रोलर दुसऱ्याने, अशी दोन माणसं हवीत. एका टोकापासून सुरू करा आणि न थांबता दुसऱ्या टोकाला पोचा. चहा भिंत संपल्यावर. पंखा या वेळी बंद ठेवा. रोलर आखूड लवीचा घ्या आणि शेवटचा हात वरून खाली, एकाच दिशेने फिरवा.

पहिला हात वाळल्यावर घाबरू नका. तो ढगाळ, चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, आणि घरातलं कोणीतरी नक्की म्हणतं की रंग फसला. दोन हातांच्या मध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्या. तिसऱ्या हातानंतर, रंग पुरता वाळायच्या आत, मास्किंग टेप तिरपी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची साल सोबत येते.

८. दिवे

गडद भिंत उजेड गिळते. शंभरातले दहा परत देणारी भिंत आली की आधीची एक ट्यूब पुरत नाही, हे साधं आहे. पण नुसती दुसरी ट्यूब लावू नका. ६५०० केल्विनचा (उजेड पिवळा की पांढरा हे सांगणारा खोक्यावरचा आकडा) पांढरा उजेड या रंगाला निळा आणि थंड करतो, माणसांचे चेहरेही फिके दिसतात. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी घ्या. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा, ९० किंवा जास्त लिहिलेला मिळाला तर उत्तम.

छताला मध्यभागी एकच दिवा ठेवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी विभागा, एक दिवा भिंतीवर प्रकाश टाकणारा, एक बसायच्या जागेजवळ. फक्त भिंतीला खेटून वरून खाली पडणारा झोत टाळा. पाचव्या पायरीतली दिव्याची परीक्षा तो रोज रात्री पाहुण्यांसमोर करेल. वायरिंग बदलायचं असेल तर ते लांबी भरायच्या आधी.

छत पांढरंच ठेवा, पण निळ ओतलेलं शुभ्र नको. किंचित दुधाळ.

९. सोबत काय शोभतं

हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घरात हा रंग त्याच्या आधीपासून आहेच. मोरपंखीसमोर हळदी पिवळ्याची एकच गोष्ट ठेवा, उशीचे अभ्रे किंवा एक सतरंजी. तिथेच थांबा. पडदेही पिवळे केले तर भिंत मागे पडते. इरकलीच्या जुन्या साडीचा काठ पडद्याला लावला तर फार सुंदर दिसतो.

लाकूड सागवानी, तेल दिलेलं. लालसर पॉलिश या रंगाशी भांडतं. पितळ आणि तांबं हवंच. आमच्याकडे सासऱ्यांचा मिरजेत बनलेला तानपुरा वर्षानुवर्षं गवसणीत कोपऱ्यात उभा होता. आता तो या भिंतीपुढे उघडा असतो, आणि भोपळ्याचा तांबूस तपकिरी रंग इतका उजळला आहे की नवीन आहे का असं विचारतात. शहाबादी फरशीचा करडा रंगही जुळतो. चकचकीत पांढरी टाइल असेल तर मध्ये एखादी ताग किंवा सुताची चटई घाला, नाहीतर भिंत आणि जमीन वेगवेगळ्या घरांतली वाटतात.

फोटोंच्या चौकटी काळ्या नकोत, दिसत नाहीत.

१०. नंतरची निगा

पहिला महिनाभर भिंत धुऊ किंवा घासू नका. इमल्शन हाताला वाळलं तरी पूर्ण घट्ट व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात. नंतर धूळ मऊ कोरड्या फडक्याने, डाग असेल तर फडकं अगदी थोडं ओलं करून. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे ओघळ गडद रंगावर राहतात. पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या. एकाच जागी जोराने घासलं तर मॅटवर चकचकीत चट्टा पडतो आणि तो जात नाही.

खुर्चीची पाठ भिंतीला लागत असेल तिथे आधीच लाकडी पट्टी मारा. खरचटलं तर लहान ब्रशने ठिपका देऊन बघा, पण मोठा भाग खराब झाला तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्या. मध्येच लावलेला ठिगळ कायम दिसतो, मग रंग त्याच डब्यातला का असेना.

उरलेला रंग हवाबंद झाकणाच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा, वर जितकी हवा कमी तितका जास्त टिकतो. बरणीवर शेड कोड, बेस, दुकान आणि तारीख लिहा. तोच मजकूर त्या खोलीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, बिलं हरवतात. आणि नदीकाठी राहत असाल तर ती बरणी जिन्याखाली ठेवू नका. आमची वरच्या मजल्यावर, माळ्यावर आहे.